साखऱ्याच्या उतारावर, दगड न लावता

भाऊबीजेपासून माझी बायको माझ्या गाडीत बसली नव्हती. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. माहेरी जायचं निघालं की मंदा शांतपणे पिशवी भरायची आणि म्हणायची, "मी जीपनं होते पुढं, तुमी या गाडी घेऊन." म्हणजे हिंगोलीहून सेनगावच्या रस्त्यानं पुढं एक जीप, तिच्यात दाटीवाटीनं बसलेली मंदा, आणि मागं माझी पाच जणांची गाडी, तिच्यात मी एकटा. सेनगावला जीपमधल्या एका बाईनं तिला विचारलंसुद्धा, "ती मागची गाडी तुमच्या मालकाची न्हाई का? मग तुमी काहून जीपमधी?"

"व्हय, त्यांचीच," मंदा म्हणाली. "पण त्या गाडीला मनात येईल तवा मागं जायची खोड हाय."

खोड होती हे खरं. साखऱ्याला माझ्या मेहुण्याचं, बालाजीचं घर गावाच्या टोकाला टेकाडावर आहे. शेवटचा पन्नास पावलांचा मुरमाचा चढ चांगलाच उभा आहे. भाऊबीजेला मी त्या चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि फाटक उघडायला उतरलो. मंदा आत, मांडीवर करंज्यांचा डबा. मी फाटकाची कडी काढतोय तोवर गाडी मागं निघाली. सुदैवानं खाली कडब्याची गंजी होती, तिच्यात जाऊन थांबली. मंदाला खरचटलंही नाही. ती उतरली, साडीवरचा कडबा झटकला, डबा घेतला आणि चढ चालत वर आली.  

इथं माझी ओळख सांगतो. हिंगोलीत माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं उघडून, मोडून, पुन्हा जोडून शिकलो. माझ्या हातून गेलेली मोटार परत येत नाही, असं लोक म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही. त्यामुळे माझ्याच बायकोला माझ्याच गाडीची भीती वाटावी, हे मला लागलं होतं. हुरड्याला साखऱ्याला जायचं होतं. तोवर गाडीचे मागचे ब्रेक बदलायचे आणि मंदाला गाडीत बसवून घरी आणायचं, असं मी ठरवलं.

आता कुणी विचारेल, मागं डिस्कच का नाही लावले? डिस्क दिसायला छान, पण माझं दुखणं हँडब्रेकचं होतं, आणि चढावर गाडी धरून ठेवायला चांगला ड्रम काही कमी नाही. माझ्या छोट्या गाडीला मागं १८० मिलिमीटरचे ड्रम. त्याच कंपनीच्या थोरल्या, डिकीवाल्या मॉडेलला २०० चे. ब्रेक ज्या पत्र्यावर बसतो त्या मागच्या पट्टीची भोकं दोन्हींची सारखी आहेत, हे मी दोन महिने व्हिडिओ बघून आणि एकदा एका अनोळखी माणसाच्या गाडीखाली शिरून पक्कं केलं. (त्याची परवानगी घेतली होती. नंतर.)

हे भाग आणायला वसमतला गेलो, तेही एसटीनं. जुना माल आणायला जाताना बॅग रिकामी असावी आणि खिशात मोजायचा व्हर्नियर असावा. औंढ्याला बस थांबते, तिथं चहा घेऊन घ्या. पुढं वसमतला उतरलात की हळदीचा वास आधी येतो आणि गाव मागून. स्टँडच्या बाहेर गरम पोहे खाल्ले आणि चालत रशीदभाईंच्या भंगाराच्या वाड्यावर गेलो. मोडक्या गाड्या ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीच्या काचेवर खडूनं लिहिलेलं: इंजिन गेलं, दार आहे. इतका नीटनेटका भंगारवाला मी पहिल्यांदा पाहिला.

मी एकेक ड्रम हातात घेऊन आतून चार-चार ठिकाणी मापत होतो. रशीदभाई खुर्चीतून बघत होते.

"मास्टर, इत्ता नापता कोई? ड्रम लेने आए के लडकी देखने?"

"लडकी देखने गया था तब नहीं नापा था," मी म्हणालो. "उसी ने भेजा है."

ते खो-खो हसले आणि स्वतः उठून आतली जोडी काढून दिली. कमी झिजलेली, दोन्ही बाजूंचा फरक व्हर्नियरवर दिसेल न दिसेल इतकाच. पट्ट्याही घेतल्या. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू आणि त्यांना ढकलणाऱ्या सिलिंडरची रबरं मात्र नवीनच घेतली. ती भंगारातून कधीच घेऊ नयेत. मोठ्या मॉडेलचा सिलिंडर मी मुद्दाम सोडला आणि माझ्याच गाडीचा ठेवला. मोठा लावला तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडी फिरते. हे ज्याला माहीत नाही त्यानं या कामाला हात लावू नये.

एकच अडचण आली. नव्या शूला माझ्या हँडब्रेकची केबल बसत नव्हती. रशीदभाईंनी त्याच कंपनीच्या व्हॅनच्या दोन केबली काढून दिल्या. टोक बरोबर बसलं, पण केबल अठरा मिलिमीटर लांब. "चलता है," रशीदभाई म्हणाले. मला 'चलता है' चालत नाही. पण लिव्हरपाशी आवळायचा नट असतो, त्यात अठरा मिलिमीटर निघतील असा मी हिशोब केला. सगळा माल चार हजारांच्या आत आला.

दोन रविवार लागले. चाक बसवून शू आणि ड्रममधली फट बघितली, ब्रेक ऑइलच्या पायपात हवा राहू दिली नाही, मग रिकाम्या मैदानात वेग थोडा थोडा वाढवत ब्रेक दाबले आणि उतरून मातीतले ओरखडे तपासले. पुढची चाकं आधी घासली होती, मागची नंतर. जसं हवं तसं. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढं रेटली; हलली नाही. नटाचे आटे मात्र पार संपले होते. मी स्वतःला म्हणालो, पुरे.

ते 'पुरे' लक्षात ठेवा.

हुरड्याला निघालो तेव्हाही मंदा जीपनंच गेली. गोरेगावला जीप रिकामी होऊन पुन्हा भरते, तिथं आमची गाठ पडली. गोरेगाव बाजाराचं गाव आहे. स्टँडजवळ भजी चांगली मिळतात, आणि पुढं जायचं तर पाण्याची बाटली इथंच भरून घ्या. भजी खाता खाता मी तिला म्हणालो, "इथून तरी बस. सपाट रस्ता आहे."

"सपाटावर मला तुमच्या गाडीची भीती कधी वाटली?" ती म्हणाली. "चढावर उभी करून दाखवा. मग येताना बसते."

गोरेगावच्या पुढं रस्ता अरुंद होतो, मधे मधे डांबर उखडलंय, पण सकाळी निघालात तर डोळे निवतात. दोन्हीकडं कोरडवाहू रानं, वाळत आलेली तूर, कंबरेच्या वर गेलेली ज्वारी, आणि कणसांची राखण करणाऱ्या बायकांच्या आरोळ्या. एका ठिकाणी मी गाडी थांबवून नुसता ऐकत बसलो.

साखऱ्याला पोचल्यावर थेट चढावर गाडी लावली. हँडब्रेक ओढला, उतरलो, हात मागं बांधून उभा राहिलो. गाडी जागची हलली नाही. तेवढ्यात बालाजी फाटकातून धावत आला, "या दाजी, या," म्हणत पिशव्या उचलायला गाडीमागं गेला. मंदा ओट्यावरून बघत होती. मी घड्याळ बघितलं.

मग रानात गेलो. शेणीच्या आरावर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, दही. हुरड्याचे दिवस थोडेच असतात. दाणा दुधात असतो तोवरच यायचं. मी खात होतो, पण कान चढाकडं होते. दीड तासानं परत आलो. गाडी होती तिथंच.

"दीड तास," मी म्हणालो. "बालाजी, बघितलं ना? दोनशेचा ड्रम आहे."

"मानलं दाजी," बालाजी म्हणाला.

मंदा पुढं आली. पदर खोचला, दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसली. तीन महिन्यांनी. काचेतून माझ्याकडं बघून थोडंसं हसलीसुद्धा. मला छाती फुगवायला जागा पुरेना. चाक कौतुकानं एकदा बघावं म्हणून मी मागच्या बाजूला वाकलो.

उजव्या चाकामागं नारळाएवढा दगड होता.

बालाजीनं लावला होता. कपटानं नाही. तिथं ट्रॅक्टर असो, बैलगाडी असो, पाहुण्याची मोटार असो, चढावर काही उभं राहिलं की गावातल्या कुणाचाही हात आधी दगडाकडं जातो. पिशव्या काढता काढता त्यानं तो पायानं सरकवला असेल, त्याला आठवतही नसेल. आणि तो दगड फक्त मला दिसला होता. मंदा आत बसली होती, हसत होती. मी 'चला' म्हणून गाडी सुरू केली असती तर कुणालाच काही कळलं नसतं.

मी उभा राहिलो. "मंदा, उतर जरा."

"काहून? आता बसले की."

"उतर. मागं दगड आहे."

ती उतरली. बालाजीचा चेहरा पडला. "दाजी, सवयीनं लागला वं. मी काढतो, थांबा."

मी आधी आत बसलो, पाय ब्रेकवर ठेवला, बालाजीला बाजूनं दगड काढायला लावला. मग हँडब्रेक ओढलेला ठेवून पाय हळूच उचलला. एक क्षण गाडी थांबली, आणि मग मुरूम चाकाखाली करकरला. वीतभर मागं गेली तेव्हा मी पाय दाबला.

 मी खाली मान घालून लिव्हरकडं बघत बसलो. कारण कळायला वेळ लागला नाही: नवीन शू वाटेत थोडे घासून बसले होते, त्यामुळे फट वाढली, आणि आवळायला आटे शिल्लक नव्हते. अठरा मिलिमीटर. मला माहीत होते आणि मी ते गिळले होते.

मंदा खिडकीशी आली. टोमणा येणार म्हणून मी तयारीत होतो.

"किती कमी पडलं?" तिनं विचारलं.

"अठरा मिलिमीटर."

तिनं बोटांच्या पेरांत अंदाज घेतला. "एवढंच? मग करा की. उद्या सकाळी जाऊ परत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटा गोरेगावला गेलो. तिथं राठोड मिस्त्रींचं लेथ आहे. मूळचे जवळच्या तांड्यावरचे, ट्रॅक्टरची कामं करतात. मी त्यांना सांगितलं, केबलचं बाहेरचं कवच अठरा मिलिमीटर पुढं सरकवलं की आतल्या तारेचा ढिलेपणा तेवढाच निघतो. मधे बसायला पोलादाच्या दोन नळ्या हव्यात.

"अठराच का? वीस करतो, ताठ बसंल," ते म्हणाले.

"वीस केलं तर शू सुटणार नाहीत, ड्रम तापेल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुठं शिकला?"

"कुठं नाही."

"मी बी," ते म्हणाले आणि लेथ सुरू केलं. दोन्ही नळ्या मी मापल्या, बरोबर अठरा. तिथंच जमिनीवर पडून आधी शूची फट जुळवली, मग नळ्या बसवल्या, शेवटी नट. मागची चाकं उचलून हातानं फिरवली, मोकळी फिरली. लिव्हर आता पाचव्या खटक्यावर घट्ट.

परत चढावर आलो. या वेळी घड्याळ बघितलं नाही. आधी मी एकटा बसून पाय उचलला. मग बालाजीला आत घेतलं, मग ज्वारीची दोन पोती. मुरूम करकरला नाही. बालाजी दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता.

"हे काय रे?"

"दाजी, हात खाली सोडला की दगड शोधतो!"

मग मंदा आली. बसली नाही. गाडीला मागून फेरी मारली, वाकून दोन्ही चाकांमागं बघितलं, पायानं मुरूम चाचपला. मगच दार उघडून बसली, मांडीवर हुरड्याची पिशवी. मी फाटकाची कडी लावायला उतरलो. कडी लावायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ मी पाठ करून उभा राहिलो. मागं वळलो तेव्हा ती तिथंच होती, पिशवीतून दाणे काढून खात होती.

"चला आता," ती म्हणाली. "फाटकाला काय दिवसभर न्याहाळता?"

घरी येऊन महिना झाला. साखऱ्याला आणखी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा गाडीतून दोघं. लिव्हर अजून पाचव्या खटक्यावरच आहे. दर रविवारी मोजतो. हा प्रवास कुणाला करायचा असेल तर रस्ता वर लिहिलाच आहे. ब्रेकचं काम कुणाला करायचं असेल तर एवढंच, की शेवटची परीक्षा त्याच चढावर घ्या जिथं चूक झाली होती, आणि आधी चाकामागं बघा.

मंदा तर बघतेच. आता कुठंही निघताना, आमच्या सपाट गल्लीतसुद्धा, ती आधी गाडीला मागून एक फेरी मारते. पूर्वी मला याचा राग आला असता. आता ती आत बसून दार लावेपर्यंत मी किल्ली फिरवत नाही.