सेनापतीच्या हातातली सुरी

माझ्या साडूने मला फसवलं. माझी गोष्ट त्याने एका अटीवर मागून घेतली आणि ती अट मोडून तिचं नाटक केलं. नातं आहे, एका पंगतीला बसावं लागतं, म्हणून आजवर गप्प होतो. आता गप्प बसणं परवडत नाही, कारण तेच नाटक तो माझ्या गावात घेऊन येतोय.

मी द्राक्षांचा व्यापारी. पिंपळगाव बसवंतला माझं पॅकहाऊस आहे, ते बापाकडून आलेलं नाही. तिथेच मी आधी क्रेट उचलले, मग माल पारखायला शिकलो, मग बागेत उभा राहून सौदे करायला लागलो. तिथला मालक म्हातारा, तोंडाचा फाटका, शब्दाचा पक्का. मूलबाळ नव्हतं. तब्येत उतरली तेव्हा त्याने मला खाटेजवळ बोलावलं.

"आता तू बघ. माझ्यानं नाय होत. म्हातारीला अंतर देऊ नको."

दिलं नाही. ती शेवटपर्यंत माझ्या घरात आईच्या मानाने राहिली. तिने चारचौघांत सांगितलं की धंदा तिच्या नवऱ्याने खुशीने दिला. तरी बाजारात कुजबुज आहेच, की मी म्हाताऱ्याच्या आजारपणात हात मारला. कुजबुजणाऱ्यांपैकी एकानेही कधी त्याचं अंथरूण बदललं नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिची आई अंबडला कारखान्यात कामाला, म्हणून सुट्टीत मी पोरीला टेम्पोत घालून दिंडोरीकडच्या बागांवर न्यायचो. माल भरेपर्यंत ती वैतागायची. शाळेत कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझ्या बापाने ढापलंय सगळं. एवढ्याशा पोरीला काय समजावणार? मी तिला एक राज्य रचून दिलं. तिथे आकाशात दोन चंद्र होते, नद्या संध्याकाळनंतर उलट्या वाहायच्या आणि सैनिक पंखवाल्या बैलांवर बसून लढायचे. तिथला राजा निपुत्रिक. त्याचा एक सेनापती, राजाच्या उंबऱ्यावर झोपणारा.

त्या राज्यात गादी द्यायची रीत मी बैलबाजारातून उचलली. पूर्वी बैलांचा सौदा कापडाखाली व्हायचा. दोघे उपरण्याखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, भोवतीच्यांना काही कळत नसे. माझा राजाही मरताना सेनापतीचा हात उपरण्याखाली घेतो आणि बोटं दाबून एक खूण देतो. मग आपल्या मरणाने मरतो. दरबारी ओरडतात, हा खोटारडा आहे, कुणी पाहिलं? तेव्हा राणी तेच उपरणं घेऊन येते, त्याखाली हात घालते. सेनापती खूण दाबतो. राजाने ती राणीलाही दिलेली असते. राणी ते उपरणं त्याच्या डोक्याला बांधते. झाला राजा.

"त्याला व्हायचं होतं का राजा?" पोरगी दर वेळी विचारायची.

"नाही."

"मग कशाला झाला?"

"बैलांना चारा कोण घालणार होतं?"

गोष्ट घरात मुरली. एका दिवाळीला साडू फराळाला आला. तो नाशकात शिक्षक आहे, मुलांची नाटकं बसवतो. मुलीने त्याला गोष्ट सांगितली आणि तो चिवडा खायचा थांबला.

"साडूभाऊ, ही मला द्या. काय नाटक होईल!"

"घ्या. एकच अट. राजा आपल्या मरणाने मरेल. सेनापती त्याच्या अंगाला वाईट हात लावणार नाही."

"अहो, मग रीतसर सौदाच करू." त्याने खांद्यावरचा नॅपकिन आमच्या हातांवर टाकला आणि माझं एक बोट दाबलं. एक अट, मान्य. आतून बायको म्हणाली, "झाला का बैल विकून?" सगळे हसले. मीही हसलो. बागेत भाव ठरवताना मी दोन माणसं साक्षीला उभी करतो. इथे नॅपकिन पुरला.

नाटकाला मी सगळं घर घेऊन गेलो. दोन चंद्र झकास टांगले होते. बैलांच्या पंखांना टाळ्या पडल्या. मग राजा आजारी पडला, त्याने उपरण्याखाली हात पुढे केला, आणि सेनापतीने उपरण्याखालून सुरी चालवली.

राजा कोसळला. मग टाळ्या, कितीतरी वेळ. माझे हात मांडीवरच राहिले. मुलगी आता कॉलेजात आहे. टाळ्या वाजवत ती माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, हे जास्त खरं वाटतं. तुमच्यासारखा सेनापती कुठे असतो?"

ती गोष्टीतल्या सेनापतीबद्दल म्हणाली. मला ते कुठे लागलं ते तिला ठाऊक नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी साडूला गाठलं.

"काय ठरलं होतं आपलं?"

"आशय तोच आहे, साडूभाऊ."

"आशय राहू द्या. सुरी कुठून आली?"

"नाट्य लागतं हो. भला माणूस भलेपणाने राजा झाला, यात बघण्यासारखं काय?"

"आणि ती अट?"

"कसली अट? आपण तर गंमत करत होतो." चहा फुंकत तो पुढे म्हणाला, "आणि तुम्ही धंद्यातले. वर कसं जातात, ते मी तुम्हाला सांगायचं?"

म्हणजे बाजारातली कुजबुज त्याने ऐकली होती. माझ्या घरी फराळाला बसताना ती न ऐकल्यासारखं दाखवलं होतं, आणि माझ्याच गोष्टीत नेऊन बसवली होती. मी चहा तसाच ठेवून निघालो. त्या क्षणी हात उचलला असता तर त्याचंच नाटक खरं झालं असतं.

आता प्रयोग पिंपळगावात आहे. समोर तीच माणसं बसतील, ज्यांना हे दृश्य आधीपासूनच माहीत असल्यासारखं वाटेल. माझी मुलगीही बसेल. मला प्रयोग थांबवायचा नाही, पैसा नको, नाव नको. पडदा उघडण्याआधी साडूने पुढे यायचं आणि त्या माणसांसमोर, माझ्या मुलीसमोर माझ्या एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: मी म्हाताऱ्याचा घात केला, असं तुम्हाला कुणी सांगितलं, आणि ते तुम्ही मला एकदाही न विचारता खरं का धरलंत?