एकशे बारा बाथरुमांचा फोरमन

एका माणसाच्या डोक्यात एकशे बारा बाथरूम मावतात, हे फोरमनला पाहिल्याशिवाय कुणाला खरं वाटलं नसतं. चौदा मजले, मजल्यावर आठ घरं. कोणत्या घराच्या भिंतीत कोणती नळी कुठून शिरते, कुठे वळते आणि कुठे तोंड काढते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. नकाशे होते, नाही असं नाही. पण त्या नकाशांचं आणि इमारतीचं नातं लग्नाकार्यापुरत्या भेटणाऱ्या चुलत भावंडांसारखं होतं. बांधकाम जोरात होतं तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, बेसिन इकडे नको, तिकडे घ्या. साहेब 'हो हो' म्हणायचे आणि फोरमन नळ्या फिरवायचा. कागदावर मात्र कुणी काही फिरवलं नाही. तेवढी उसंत होती कुणाला?

मोजायला त्याला टेप लागायची नाही. "चौकटीपासून तीन वीत, जमिनीपासून साडेपाच," असं म्हणत तो भिंतीवर पंजा टाकत जायचा, अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी. बावन्न वर्षांपैकी तीस वर्षं त्याने नळ्या जोडल्या होत्या. शिकाऊ म्हणून लागला, फिटर झाला, मग फोरमन. भरभराटीच्या दिवसांत हाताखाली चाळीस माणसं होती आणि नवा इंजिनिअर आला की साहेब त्याला आधी फोरमनकडे धाडत. कॉलेजात शिकलेलं विसरायला त्याला तिथे साधारण पंधरा दिवस लागायचे.

मग मंदी आली. नवी घरं विकली जाईनात. शेजारच्या दोन इमारती सहाव्या मजल्यावरच थांबल्या आणि त्यांच्या सळया उघड्यावर गंजत राहिल्या. आधी ठेकेदारांची माणसं गेली, मग इंजिनिअर, मग विक्री खात्यातली गोड बोलणारी पोरं, शेवटी चहावालाही. ऑफिसात पंखे जास्त आणि माणसं कमी अशी गत झाली. फोरमन तेवढा टिकला. कारण उघड होतं. एकशे बारा घरांत माणसं राहत होती, कुणाला कपाट ठोकायचं असायचं, कुणाची भिंत ओलसर दिसायची, आणि भिंतीच्या पोटात काय आहे ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो बायकोला सांगायचा.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. शिलाई मशीन न थांबवता ती म्हणायची, "जेवताना तरी उघडा ती मूठ. घास कसा घेणार?"

साहेब काही दुधखुळे नव्हते. एका सोमवारी त्यांनी नकाशे काढणाऱ्या एका बाईंना कामावर घेतलं. बाई पस्तिशी ओलांडलेल्या. मुलांसाठी दहा वर्षं घरी राहिलेल्या, आणि नेमक्या मंदीत परत नोकरी शोधायला निघालेल्या. जातील तिथे एकच प्रश्न, मधली दहा वर्षं काय करत होतात? साहेबांनी तो विचारला नाही आणि त्या उपकाराच्या बदल्यात अर्ध्या पगारावर त्यांना ठेवून घेतलं. काम एकच. फोरमनच्या डोक्यातली इमारत कागदावर उतरवायची, जशी बांधली तशी. प्रत्येक कागदावर बाईंची सही. वर्षभर एकही तक्रार आली नाही, तर बाई कायम.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी फोरमनला विचारलं.

"बघू," फोरमन म्हणाला. त्याला कळायचं ते कळलं होतं. गरज सरो, वैद्य मरो.

रिकाम्या झालेल्या विक्री खात्यात एक कोरी भिंत होती. बाईंनी तिच्यावर खडूने दाराची चौकट काढली. फोरमन तिच्यासमोर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि घराचा नंबर ऐकला की पंजे टाकायला लागायचा. ते घर त्याच्या हातात होतं, आणि हात भिंतीला लागल्याशिवाय ते बाहेर पडत नव्हतं. पहिल्याच दिवशी बाईंनी त्याच्या विताची लांबी मोजली. बावीस सेंटिमीटर. ती पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि पुढे नुसता गुणाकार केला. फोरमनला बाईंचं काम आवडलं, आणि आवडलं म्हणून जास्तच राग आला. त्याने वेळकाढूपणा सुरू केला. कधी कंबर धरायची, कधी चहा लांबायचा, कधी चौथ्या मजल्यावरचं काहीतरी आठवेनासं व्हायचं. बाई पेन्सिलीला टोक करत शांत बसायच्या. दिवसाला दोन घरं, फार तर तीन.

तरी काम संपत आलंच. सगळ्यात जास्त फिरवाफिरवी झालेली सहा घरं त्याने शेवटी ठेवली होती. एका गुरुवारी तो कशाला तरी साहेबांच्या खोलीत गेला आणि प्रिंटरवर पडलेलं पत्र त्याने पाहिलं. स्वतःचं नाव माणसाला उलटं ठेवलेलं असलं तरी वाचता येतं. कामावरून कमी केल्याचं पत्र, खाली शनिवारची तारीख. तीस वर्षांनंतर साहेबांनी तोंडाने सांगायचेही कष्ट घेतले नव्हते. तसाच तो त्या कोऱ्या भिंतीसमोर येऊन उभा राहिला.

"सातशे चार," बाई म्हणाल्या.

सातशे चारचा मालक म्हणजे घसा ताणून भांडणारा माणूस. एकदा गाडी लावायच्या जागेवरून त्याने अख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. त्याची भिंत फुटली तर साहेब अनवाणी पळत फोरमनला शोधायला येतील. हे सगळं मनात यायला एक क्षण लागला. गरम पाण्याची नळी त्या घरात कमोडच्या डाव्या भिंतीतून उतरत होती.

"बाई, जरा टेप द्या," फोरमन म्हणाला.

टेप लावून त्याने आकडा सांगितला. उजवी भिंत. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं.

शनिवारी पत्र मिळालं. साहेबांनी हात मिळवला, 'दिवस पालटले की पहिला फोन तुम्हाला' असंही म्हणाले. फोरमन हसला. फोन साहेबांना त्याआधीच करावा लागणार होता.

तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरेना. सकाळी उठायचा, सगळ्या नळांना हात लावून बघायचा, खाली जायचा, वर यायचा. दुपारी त्या थांबलेल्या इमारतींपर्यंत चालत जायचा आणि पहारेकऱ्याला उगाच विचारायचा, काही ऐकलंस का? फोन सतत हातात. आंघोळीला जाताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीवर ठेवायचा. फोन वाजला की पहिल्याच घंटीला उचलायचा आणि पलीकडे कुणी विमा विकणारा निघाला की त्या बिचाऱ्यालाच शिव्या बसायच्या. भिंतीला भोक पडावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता. तीस वर्षं ज्याने कुणाच्या घरात थेंब गळू दिला नाही, तो माणूस आता परक्याच्या घरात पाणी शिरायची वाट बघत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. रात्री कळायचं, सकाळी पुन्हा फोन हातात.

मेहुण्याने आग्रह केला म्हणून तो एकदा भरतीला गेला. जुन्या इमारती दुरुस्त करणारी कंपनी, जागा एक, रांग फाटकाबाहेर वळसा घालून गेलेली. रांगेत त्याने स्वतः कामावर घेतलेले तीन फिटर होते आणि त्यांच्या पुढे, एकेकाळी फोरमनला 'जरा लवकर आटपा' म्हणणारे इंजिनिअर. मंदीने सगळ्यांना एका ओळीत आणलं होतं. इंजिनिअरांनी ओळख दाखवली नाही, मग फोरमननेही आभाळाकडे पाहिलं. हातात अर्ज आला. नाव, वय, अनुभव, सगळं भरलं. 'आधीची नोकरी सोडण्याचं कारण' इथे पेन अडलं. सोडली कुठे होती? त्याच्या हिशेबी तो नुसता बाहेर बसला होता. तेवढ्यात फोन वाजला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून तो रांग सोडून रस्त्यापलीकडे धावला. कुणाला तरी गॅसच्या एजन्सीचा नंबर हवा होता. परत येईपर्यंत रांगेतली त्याची जागा भरली होती आणि फाटकातला माणूस म्हणाला, "काका, मागून या." फोरमनने अर्ज घडी करून खिशात घातला.

असे सात महिने गेले. बायकोने शिलाईचं काम दुपटीने घेतलं आणि त्याला काही विचारायचं सोडलं.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. ऑफिसचाच नंबर होता. पण बोलल्या त्या नकाशाच्या बाई.

"फोरमन, बरे आहात ना? एक विचारायचं होतं. सातशे चारमध्ये मालकांची आई राहायला आलीय. पंच्याऐंशीच्या आहेत. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये पडल्या."

"बरं."

"कमोडशेजारी धरायला दांडा बसवायचाय. डाव्या भिंतीवर, त्यांचा डावा हात चांगला आहे म्हणून. उद्या सकाळी ड्रिलवाला येतोय. नकाशात ती भिंत मोकळी दिसते."

सात महिने जो घास मागितला तो समोर वाढून आला होता. नुसतं 'हो' म्हणायचं. उद्या दहापर्यंत साहेबांचा फोन.

"मी साहेबांना भिंत मोकळी आहे म्हणून सांगू का?" बाईंनी विचारलं. "सही माझी आहे, म्हणून म्हटलं एकदा तुम्हाला विचारावं."

"सगळ्याच घरांचं असं विचारता?"

"नाही. हेच पहिलं. एकशे अकरा घरं तुम्ही पंज्याने मोजलीत. या एकाच घराला टेप मागितलीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" फोरमनने विचारलं.

"तुमची नोकरी चालली होती आणि माझी लागली होती. कोणत्या तोंडाने बोलणार होते? वाटलं, वेळ आली की विचारीन. आता आली."

मशीनची टकटक थांबली होती. फोरमन स्वयंपाकघराच्या चौकटीशी गेला आणि फोन कानाशी धरून उजव्या हाताचा पंजा भिंतीवर टाकत निघाला.

"लिहून घ्या. डावीच भिंत. गरम पाण्याची नळी आहे. चौकटीपासून चार वीत तीन बोटं, सरळ खाली उतरते, जमिनीपासून दोन वितांवर आत वळते. दांडा चौकटीकडे एक वीत सरकवा, तिथे भिंत भक्कम आहे. आजींचा हात पोचेल."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला. "मी असं लिहिते, की उतरवून घेताना माझ्याकडून चुकलं. उगाच तुमच्यावर नको."

"नाही. फोरमनने चुकीचं सांगितलं, असं लिहा. वर तारीख घाला."

"साहेब वाचतील. उद्या कुठे तुमची चौकशी झाली तर..."

"वाचू देत. तुमचं वर्ष भरायला किती राहिलं?"

"तीन महिने."

"मग लिहा सांगितलंय तसं. आणखी कुठे टेप मागितली नाही मी. बाकी सगळं बरोबर आहे."

फोन ठेवल्यावर त्याला वाटलं होतं मोठं काहीतरी गेल्यासारखं वाटेल. गेलंच होतं. रडू येईल की काय असं झालं, म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मग बायकोकडे न बघता त्याने तिला सगळं सांगितलं, प्रिंटरवरच्या पत्रापासून टेपपर्यंत आणि रोज कुणाची भिंत फुटायची वाट बघत होतो तेही.

तिने हातातला गणवेश मांडीवर ठेवला.

"मला वाटायचं, तुम्ही नव्या कामाच्या फोनची वाट बघताय," ती म्हणाली. "म्हणून मी तुम्हाला भाजी आणायलासुद्धा सांगत नव्हते. म्हटलं, नेमका तेव्हाच वाजायचा."

तिचे डोळे भरलेले त्याने पाहिले आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुरुस्तीवाल्या कंपनीची पुन्हा भरती आहे, असं मेहुणा आठवड्यापूर्वीच सांगून गेला होता. सोमवारी सकाळी फोरमनने पँटच्या खिशातून तो घडीचा अर्ज काढला, टेबलावर हाताने सपाट केला आणि राहिलेले रकाने भरले. आधीच्या मालकाचा नंबर म्हणून त्याने ऑफिसचा नंबर लिहिला. बायको खांद्यावरून वाचत होती.

"तो कशाला देताय? ते सातशे चारचं सांगतील."

"सांगू देत. एकशे अकरांचंही त्यांनाच सांगावं लागेल."

'आधीची नोकरी सोडण्याचं कारण' या ओळीवर पेन जरा थांबलं. मग त्याने ठळक अक्षरात लिहिलं, 'काम पूर्ण झालं', आणि चपला घालून निघाला. जिन्याच्या पहिल्या वळणावर बायकोने वरून हाक मारली. फोन टेबलावरच राहिला होता.