सत्काराच्या शाली

काल दुपारी कपाट आवरताना वरच्या फळीवरून सत्काराच्या शाली खाली घसरल्या. सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, घडीसुद्धा न मोडलेल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलं, स्पर्धांत मुलं उतरवली, दोन-तीन पुस्तकं लिहिली. त्या त्या वेळी कुणीतरी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या वाजल्या. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. शाली तेवढ्या उरल्या.

आईला सकाळपासून थंडी वाजत होती. मी त्यातली सगळ्यात भारी शाल काढून तिच्या अंगावर घातली.

"राहू दे रे, चांगली आहे ती," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिनेच ती बाजूला सारली. "हिच्यात ऊब नाही बाबा. माझी गोधडीच दे."

मी ती शाल हातात घेऊन बसलो. काठाला जर, बाकी नुसतं टोचणारं नायलॉन. दर वेळी वाटायचं, एवढं मिळालं की बस्स, मग निवांत. शाल घरी यायची, निवांतपणा काही यायचा नाही. आणि पुढच्या शालीने तरी तो येईल, असं आता मला खरंच वाटत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गावातल्या वाचनालयाचे सचिव होते. "सर, रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय, जमेल..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो. मग उठलो आणि फळीवर आणखी एका शालीपुरती जागा करायला लागलो.