धरणारा पाहिजे

मागल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम पंचाहत्तर हजार. हजर तिघं: जिंतूरच्या कापसाच्या जिनिंगचे शेठ, आमचे वस्ताद आणि मी. शेठचा कबड्डीचा पगारी संघ आहे. बक्षिसाच्या स्पर्धा खेळत जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर फिरतो. त्या हंगामासाठी एकच नवा खेळाडू घ्यायचा होता आणि त्याची रक्कम शेठनी आधीच ठरवून ठेवली होती. मी शाळेत लिपिक आहे. संघाचे गुण लिहिण्याचं काम सात वर्षांपासून माझ्याकडे आहे.

वस्ताद खेळाडूचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचे. समोर आलेल्या पोराला आधी पँट वर करायला लावायचे, त्याच्यापुढे उकिडवे बसायचे आणि दोन्ही गुडघे अंगठ्यानं दाबून बघायचे. मग हाताची बोटं. सगळी बोटं सरळ असली की त्यांचा चेहरा उतरायचा. "चढाईला जाणारे लय हायत," ते म्हणायचे. "धरणारा पाहिजे." त्यांची स्वतःची तीन बोटं वाकडी होती आणि डावा कान कधीतरी अर्धा फाटून तसाच जुळला होता.

तुम्ही कबड्डी लांबून पाहिली असेल तर ती पळापळ वाटते. गुण लिहायच्या टेबलाशी बसलं की आवाज ऐकू येतात. छातीवर टाच बसते तो वेगळा, डोकं मॅटवर आपटतं तो वेगळा. पहिल्या वर्षी मी दचकून मान फिरवायचो. वस्तादांनी एकदाच सांगितलं, "भाऊसाहेब, मान फिरली की गुण चुकतो." त्यानंतर मी फिरवली नाही.

ताडकळसच्या एका स्पर्धेत आमच्या खेळाडूचा खांदा निखळला. वस्तादांनी त्याला आडवा पाडला, त्याच्या काखेत पाय रोवला आणि हात ओढून खांदा जागेवर बसवला. पोरगं ओकलं. वस्तादांनी आपल्या टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं, मॅट पुसली आणि मग पकड करताना हात उंच का नेला म्हणून त्याच्या थोबाडीत दिली. जेवताना त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. पाहतो तर वस्ताद स्वतःचं ताट बाजूला सारून त्याला भाकरी मोडून देत होते, आणि तो खाईल तसा पुढचा तुकडा कालवत होते.

तर त्या रविवारी निवडीला दोघं उरले होते. एक पालमचा, चढाईत गाजलेला. दुसरा ताडकळसचा, दरवर्षी ऊसतोडीला जाणारा. त्याच्या टोळीचा ट्रक नऊ दिवसांनी, मंगळवारी निघणार होता. नाही निवडला तर तो त्या ट्रकमध्ये बसणार आणि सहा महिने फडात जाणार, म्हणजे त्याचा खेळ संपल्यातच जमा. वय तेवीस.

माझ्या वहीत दोघांचे अकरा-अकरा सामने होते. पालमवाल्याचे चढाईचे गुण एकशे बारा, पकडी दोन. ताडकळसवाल्याचे चढाईचे सत्तेचाळीस, पकडी अडतीस. मी बेरीज शेठपुढे ठेवली आणि पालमवाल्याचं नाव सुचवलं. शेठना तेच हवं होतं.

वस्तादांनी वहीकडे पाहिलंही नाही. "भाऊसाहेब, हा चढाई करून माघारी येतो, मग कुठं ऱ्हातो?"

मी म्हणालो, कोपऱ्यात.

"कोपऱ्यात उभा ऱ्हातो. समोरचा चढाईला आला की आपण सहाच खेळायलोत. ते तुमच्या वहीत हाय का?"

ते वहीत नव्हतं.

मग त्यांनी जिनिंगच्या मागच्या मॅटवर चाचणी लावली. दोघांनी फक्त पकडी करायच्या, आणि संघातले पाच जण पाळीपाळीनं त्यांच्यावर चढाईला जाणार. पालमवाल्याला दुसऱ्याच चढाईत नाकावर टाच बसली. त्यानं पाय सोडला आणि रक्त पुसत सरळ सांगितलं, "वस्ताद, मी गुण आणतो. धरायला दुसरी माणसं हायत की." त्याचंही खोटं नव्हतं. ताडकळसवाल्यानं पहिले तिघे धरले. तिसऱ्याच्या कोपरानं त्याची भुवई फुटली. चौथ्यानं त्याला मॅटभर फरपटत नेलं, दोन्ही कोपरांची साल गेली, पण घोटा त्याच्या मुठीतच राहिला. पाचव्याला त्यानं कमरेतून उचलून आपटलं. मॅटवरचं रक्त पुसायला कारखान्यातून कापूस आणावा लागला.

शेठ म्हणाले, चढाईला जाणारी पोरं त्याच्या ओळखीची आहेत, हळू खेळायलीत.

वस्तादांनी सदरा काढला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. आमच्याकडे शिट्टी कायम त्यांच्याच गळ्यात असायची. "मी जातो. भाऊसाहेब, नियमानं," एवढंच बोलले आणि दम धरून आत शिरले.

चढाई तीस सेकंदांची. चढाई करणाऱ्याचा दम तुटला नाही आणि तो बाहेर गेला नाही किंवा मध्यरेषेला परत पोचला नाही, तर तीस सेकंद होईपर्यंत चढाई जिवंत असते. आमच्याकडे पकडणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच शिकवण असते: शिट्टीशिवाय हात सोडायचा नाही. ही शिकवण वस्तादांचीच.

त्यांनी पहिल्यांदा ताडकळसच्या पोराच्या छातीत मागच्या पायानं लाथ घातली. तो कोलमडला, उठला. दुसरी लाथ येताच त्यानं घोटा धरला, अंगाखाली घेतला आणि पिळला. एकोणिसाव्या सेकंदाला गुडघ्यातून आवाज आला. ओली फांदी पिळून मोडावी तसा. वस्ताद पालथे पडले. पण त्यांचा दम चालूच होता, "कबड्डी, कबड्डी," स्पष्ट, न अडखळता, आणि ते दोन्ही हातांनी मॅट ओरबाडत मध्यरेषेकडे सरकत होते. पाय मागे उलटा वळलेला. पोरगं रडत होतं, पण सोडत नव्हतं. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होतो. दम तुटलेला नव्हता. वेळ शिल्लक होती.

माझी शिट्टी तिसाव्या सेकंदाला वाजली.

वस्तादांचा हात रेषेपासून वीतभर अलीकडे होता. त्यांनी मान वळवून विचारलं, "का सोडला न्हाईस?"

"शिट्टी न्हाई वाजली, वस्ताद."

ते हसले. मग शुद्ध हरपली.

परभणीला दवाखान्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी शेठ भेटायला आले आणि खाटेशी उभं राहून म्हणाले, पालमवाल्याला घेतो. वस्तादालाच मोडणारा माणूस मला नको. वस्ताद उशीवरून उठायला बघत होते. मी धरलं.

"मी पाय घालून बसलोय शेठ. आता त्याला न्हाई म्हणता? मग तुमाला दाखवायला काय गेलो होतो मी?"

शेठनी मला करार लिहून ठेवायला सांगितलं. सोमवारी ताडकळसवाल्यानं करारावर सही केली. ट्रक मंगळवारी त्याच्याशिवाय गेला.

बाराव्या दिवशी वस्तादांच्या पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, अशा ऑपरेशननंतर कधीकधी होतं. सकाळी चहा मागितला होता, तो यायच्या आत गेले.

हंगाम संपला. त्या पोरानं चौदा सामन्यांत एकावन्न पकडी केल्या, चढाईचे गुण साठ. दर सामन्याच्या आधी तो टेबलाशी येऊन माझ्या पाया पडायचा. मी त्याला नको म्हणायचो, कारण सांगायचो नाही.

ठरल्याप्रमाणे त्याला पंचाहत्तर हजार मिळाले. वस्तादांचं हंगामाचं मानधन चाळीस हजार होतं. दवाखान्याचा खर्च शेठनी वेगळा केला होता, मानधनातून एक रुपया कापला नाही. पैसे पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं पाणी दिलं, समोर बसल्या, पाकीट मांडीवर ठेवलं.

"एक विचारते, भाऊसाहेब. शिट्टी त्या दिवशी कुणापाशी होती? मी लय डाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलंच न्हाई."

"माझ्यापाशी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नोटा काढल्या, सावकाश मोजल्या, पुन्हा पाकिटात घातल्या.

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

मी पावती पुढे केली आणि जागा दाखवली. चाळीस हजार रुपये, रोख, त्यांच्या पत्नीला पोचले.