चार खुंट्या

हळ्ळीखेडच्या दक्षिण टोकाला, गावातल्या शेवटच्या घरात गुंडाप्पा राहतात. वय सत्तरीपुढचं. तरुणपणी मेंढ्या घेऊन पार तेलंगणापर्यंत हिंडले. मेंढ्या विकल्यावर ऊसतोड, तुरीची कापणी, मिळेल ती मजुरी केली.

त्रिशंकू हे पुस्तकातलं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात संध्याकाळनंतर दक्षिणेला, जमिनीपासून थोडेच वर दिसणारे ते चार तारे म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या चार खुंट्या. त्यांच्यामधला बारका पाचवा तारा म्हणजे आत कोंडलेलं कोकरू. खुंट्या ताठ उभ्या राहिल्या की बरोबर खाली दक्षिण. एवढ्या खुणेवर त्यांनी अनोळखी माळावरून कळप सुखरूप आणला होता.

तीन उन्हाळे झाले, खुंट्या दिसेनात. त्यांनी दोष दिला घरासमोरच्या खांबावरच्या नव्या दिव्याला. पंचायतीत जाऊन दोनदा भांडले. यंदा मे लागताच दिवाबत्ती बघणारा हणमंतप्पा कंटाळून म्हणाला, "अप्पा, आज जेवणं झाली की धा मिनटं दिवा बंद करतो. बगा पोटभर."

रात्री हणमंतप्पानं खांबापाशी येऊन दिवा बंद केला. गुंडाप्पा अंगणात मान वर करून उभे राहिले. बायको बाणूबाई हात धूत बाहेर आली.

"दिसंनात गं. समदं धुरकट दिसायलंय."

"कामून दिसंनात? त्या काय, चारी हायती की."

"खरं?"

"व्हय. दिव्याला कामून शिव्या देताव? डोळे दावा तुमचे कुनाला तरी."

गुंडाप्पा खाटेवर बसले. हणमंतप्पाला म्हणाले, "लाव बाबा दिवा. माझंच चुकलं."

आठवड्यानं बिदरात मोतीबिंदू काढला. एका डोळ्याचाच. पट्टी निघाली तरी बाणूबाईनं पंधरा दिवस त्यांना उन्हात जाऊ दिलं नाही, वाकू दिलं नाही. ते कुरकुरले, पण ऐकलं.

मे संपता संपता आभाळ एकदा लख्ख झालं. जेवणाआधीच गुंडाप्पा बाहेर आले. दिवा चालूच होता. त्यांनी तळहातानं उजेड अडवला. एक, दोन, तीन, चार. मग अगदी हळू म्हणाले, "बाणू, मधलं बारकं कोकरू बी हाय गं तिथं!"

"आता जेवाया या," ती म्हणाली, पण स्वतःही तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाटकी घोंगडी पुढ्यात ओढली आणि दाभणात दोरा स्वतःच ओवला. बाणूबाई मदतीला आली तर म्हणाले, "बाजूला सर, उजेड आडवू नको." टाके वाकडेतिकडे पडले, पण दुपारपर्यंत घोंगडी शिवून झाली.