आठव्या लेनचे मालक

पाठीमागे त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत आणि समोर आल्या की मॅडम. राज्य विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक्स संघाच्या त्या प्रशिक्षक. एकेकाळी अडथळ्यांच्या शर्यतीत पळलेल्या. अजूनही चालायला लागल्या तर बरोबरच्या माणसाला धाप लागायची. सगळा जन्म मैदानात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. घरात मीठ मागितलं तरी शेजारचे खिडकी लावून घ्यायचे. दूधवाला उशिरा आला तर त्याला विचारायच्या, "निघायलाच उशीर केलास की वाटेत रमलास?" अशा बाईवर निवृत्तीच्या तोंडावर देणग्या गोळा करायची पाळी आली, आता बोला!

झालं असं की सरकारने खेळांचं अनुदान बंद केलं. कुलसचिवांनी मॅडमना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला. या माणसाने चहा दिला म्हणजे काहीतरी काढून घेणार, हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

"फुटबॉलला तिकीट लावता येतं," कुलसचिव म्हणाले. "तुमचं पळणं बघायला कोण येतं? पळणाऱ्यांच्या आया. तेव्हा निधीचे नवे मार्ग शोधा. नाही सापडले, तर यंदा मोठ्या स्पर्धेला संघ जाणार नाही."

मॅडमच्या डोळ्यांसमोर काडी उभी राहिली. काडी म्हणजे आठशे मीटर पळणारी त्यांची पोर. अंगावर मांस म्हणून नाही, त्यावरून हे नाव पडलेलं. मागची दोन्ही वर्षं ऐन वेळी पाय दुखावला आणि मोठी स्पर्धा हुकली. हे तिचं शेवटचं वर्ष, पदवी हातात पडली की विद्यापीठाची जर्सी उतरली. यंदा नाही तर कधीच नाही. मॅडमना स्वतःची मुलगी नव्हती, पण ते कारण कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

मग जी वणवण सुरू झाली ती काय सांगावी! जुन्या खेळाडूंचा मेळावा घेतला. मंडळी आली, ढीगभर बिस्किटं खाल्ली, आपापल्या पदकांच्या बढाया मारल्या, मॅडमबरोबर फोटो काढले आणि पसार झाली. संघाच्या नावाचे टीशर्ट छापून विकले, तर पहिल्याच धुण्यात ते आखडले आणि घेणारे रस्त्यात अडवून पोट दाखवायला लागले. व्यायामशाळा फी घेऊन बाहेरच्यांना उघडली, तर एका भल्या गृहस्थांनी पळायचं यंत्रच मोडून ठेवलं. मॅडमच्या नाकी नऊ आले. घरी येऊन त्या भांडी आपटायच्या.

नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, थंड डोक्याचा माणूस. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाला, "अगं, बागेतल्या बाकांवर देणगीदारांची नावं असतात. तुझ्याकडे बाक नाहीत का?"

"बाक कसले डोंबलाचे! आठ लेन आहेत नुसत्या."

बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. ट्रॅकवर पांढऱ्या रेघांनी आखलेल्या आठ लेन, म्हणजे आठ देणगीदार. प्रत्येक लेनच्या तोंडाशी एकेकाचं नाव रंगवायचं, चेक वार्षिक स्पर्धेच्या दिवशी, सगळ्यांसमोर घ्यायचे. बाजारपेठ पायाखाली घालून मॅडमनी आठही लेन खपवल्या. पहिली रंगाच्या दुकानवाल्याने पटकावली. शेवटी उरलेली आठवी गादीवाल्या काकांच्या गळ्यात पडली.

"शेवटची म्हणून कमी घ्या की," काका म्हणाले.

"छे हो! आठही लेन सारख्याच," मॅडम छातीवर हात ठेवून म्हणाल्या. पळायच्या अंतरापुरतं ते खरंही होतं.

कुठून बुद्धी झाली आणि काका एके दिवशी सराव बघायला आले. बायको, सून, नातवंडं, सगळा लवाजमा घेऊन आपल्या लेनसमोर बसले. दोन-चार शर्यती झाल्या आणि ते ताडताड मॅडमकडे आले.

"मॅडम, ही काय थट्टा आहे? सुटतात सगळे आपापल्या जागेवरून, आणि वळण संपलं की जो तो रंगवाल्याच्या लेनमध्ये! माझ्या लेनमध्ये चिटपाखरू नाही."

"अहो काका, लांबच्या शर्यतीत तसंच असतं. पहिल्या वळणानंतर सगळ्यांनी आत यायचं."

"आणि छोट्या शर्यतीत? माझ्या लेनमधला शेवटून पहिला!"

"तिथे चपळ खेळाडूंना मधल्या लेन देतात ना."

"म्हणजे रखडणारे माझ्याकडे. तुम्हाला हे माहीत होतं?"

माहीत होतं! मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इतकं माहीत होतं, की ते कोणाला सांगायला हवं हेच मॅडमच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग बाई, तुम्ही मला विकलंत काय?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे मॅडमना जास्तच लागलं.

काका तडक कुलसचिवांकडे गेले. कुलसचिवांनी तोडगा काढला: वार्षिक स्पर्धेतल्या आठशेच्या शर्यतीत सगळ्यांनी शेवटपर्यंत आपापल्याच लेनमध्ये पळायचं, आणि काडी आठवीत.

"अहो, मग ती आठशेची शर्यतच राहत नाही!" मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोठ्या स्पर्धेसाठी काडीला ठरलेल्या वेळेच्या आत यायचंय, ते त्याच दिवशी, संघटनेच्या पंचांसमोर. असल्या शर्यतीतली वेळ ते धरणार नाहीत."

"मग दोनदा पळवा. सकाळी देणगीदारांसाठी, संध्याकाळी पंचांसाठी," कुलसचिव म्हणाले आणि पुढच्या फायलीकडे वळले.

मॅडमनी गिळलं. चेक नाहीत तर संघ नाही, संघ नाही तर काडी नाही. काडीला बाजूला घेऊन बजावलं, "सकाळी नुसतं दाखवायला पळायचं. जीव संध्याकाळसाठी ठेव."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मॅडमनी पोरींना जागेवर उभं केलं. बाहेरच्या लेनचा फेरा मोठा, म्हणून काडी सगळ्यांत पुढे, वळण जवळजवळ संपतं तिथे. ते बघून रंगवाला उसळला. "हा काय चावटपणा? गादीवाल्याची पोरगी अख्खं वळण पुढे? माझी काय माती खाणार?" मॅडम त्याला फेऱ्यांचा हिशेब समजावत होत्या, तेवढ्यात बंदूक वाजली.

आणि काडी सुसाट सुटली. बिचारीला पुढे कोणी दिसेना, मागचे किती जवळ आलेत ते कळेना. पाठीवर नुसते पाय वाजत होते. असं एकटं पुढे ती कधी पळलीच नव्हती. मॅडम ओरडत होत्या, "सावकाश! अगं सावकाश!" पण लोकांच्या आरोळ्यांत शिट्टीबाईंचासुद्धा आवाज बुडाला. काडीने जिवाचं रान केलं. ती रेघ ओलांडून कोसळली तेव्हा मॅडमच्या अंगठ्याने सवयीने घड्याळ थांबवलं होतं. त्यांनी खाली पाहिलं. मोठ्या स्पर्धेसाठी हवी होती त्याहून चांगली वेळ. काडीच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली.

गादीवाल्या काकांनी नातवाला खांद्यावर घेऊन नाच केला. तेवढ्यात कुलसचिव लगबगीने आले. "देणगीदारांना चेक देऊन दुपारच्या आत निघायचंय. पंचही थांबायला तयार नाहीत. ती दुसरी शर्यत आत्ताच उरका."

"आत्ता? पोरगी बघा जरा! उभी राहता येत नाहीये तिला!"

"मॅडम, चेक अजून त्यांच्याच खिशात आहेत," कुलसचिव हळूच म्हणाले.

मॅडम भांडल्या, पंचांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. पंच म्हणाले, आत्ता पळा नाहीतर राहू द्या. काडी उठली आणि पळाली. पहिली फेरी तिने कशीबशी ओढली, दुसऱ्या फेरीत पाय लाकडाचे झाले. वेळ हुकली, आणि थोडीथोडकी नाही.

चेक मिळाले, आठही. वर काकांनी मॅडमचे हात हातात घेतले. "पुढच्या वर्षी आठवी लेन माझीच बरं का! काय पळाली हो पोरगी!" कुलसचिवांनी जाता जाता सांगितलं की संघ जाईल, कोण कोण जाणार ती नावं तेवढी उद्या द्या. मॅडमना वाटलं, गळ्यातली शिट्टी काढून या माणसाच्या डोक्यात घालावी. रडूही येत होतं, पण ते त्यांनी दाबलं.

मैदान रिकामं झालं. काडी गवतावर बसून बूट सोडत होती. मॅडम शेजारी जाऊन बसल्या.

"मॅडम," काडीने मान वर न करता विचारलं, "पहिल्या शर्यतीत किती लागला वेळ?"

"घड्याळ लावलंच नव्हतं गं," मॅडम म्हणाल्या.

काडीने त्यांच्याकडे पाहिलं. ती तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. "बरं," ती म्हणाली, आणि दुसरा बूट सोडायला लागली.