इंजिनाचं पाणी

उकंडा ड्रायव्हरच्या जीपमध्ये, त्याच्या सीटच्या मागे, दहा लिटरचा एक पांढरा कॅन दोरीने बांधलेला असायचा. फुलसावंगीत त्या कॅनची ओळख सगळ्यांना होती, कारण प्रत्येकाने कधी ना कधी त्याला हात लावून उकंडाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मे महिन्यात लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेला असो की बाजारच्या बाया, घशाला कोरड पडली म्हणून कोणी त्या कॅनकडे वळलं की उकंडा आरशातूनच ओरडायचा, "हात नका लावू! ते इंजिनचं पाणी हाय."

"अन् आमी मेलो तहानेनं त?"

"तुमी मेले त तुमाले नेता येईन घरी. इंजिन मेलं त कोन नेईन?"

यावर जीपभर हशा पिकायचा. उकंडा स्वतः मात्र हसत नसे, तो ते मनापासून बोलत असे.

त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईने याला जन्मल्या जन्मल्या शेणाच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचलला आणि नाव तेच ठेवलं. नाव असं असलं तरी माणूस कमालीचा टापटिपीचा. गाडी रोज पुसणार, फॅनबेल्ट बोटाने दाबून पाहणार, रेडिएटरमध्ये वाकून पाणी बघितल्याशिवाय चावी फिरवणार नाही. त्याच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत डाग होता. बाविसाव्या वर्षी, दुसऱ्याची गाडी चालवत असताना, ती हीट झाली म्हणून त्याने घाईघाईने रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. उकळतं पाणी हातावर आलं. तशाही हाताने त्याने तापल्या इंजिनात थंडगार पाणी ओतलं आणि इंजिनाचं हेड तडकलं. मालकाने त्याला कामावरून काढलं. तीन वर्षं कोणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. त्या तीन वर्षांत उकंडाने जे काही शिकायचं ते शिकून घेतलं.

गाडी हीट झाली की बंद करायची. बोनट उघडून थांबायचं. झाकणावर तळहात ठेवून वीस आकडे म्हणता आले, तरच ते फडक्याने धरून हळूहळू सोडायचं. मग इंजिन चालू ठेवून, थोडंथोडं पाणी. आणि जवळचं पाणी दुसऱ्या कशालाही द्यायचं नाही. पुढे स्वतःची जीप घेतल्यावर सव्वीस वर्षांत त्याने एकाही सवारीला रस्त्यात सोडलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो गर्व त्याला शोभतही होता.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला नाही, पण कपाशी मात्र अशी वाढली की उभा माणूस आत शिरला तर दिसेना. बोंडअळीही तशीच माजली. दवाईवर दवाई मिसळून लोक फवारे मारत सुटले. डोक्यावरच्या झाडावर फवारा मारला की तो मारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर पडणार, हे समजायला शाळा लागत नाही. तरी ते कोणी मनावर घेतलं नाही. कपाशी वाचवायची होती आणि फवारा मारणाऱ्याला रोजी हवी होती.

अवधूत असाच रोजीने फवारा मारायचा. अडतीस वर्षांचा, उकंडाच्या गल्लीतला, हाडापेराने मजबूत. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी बबनरावांच्या शेतात त्याने सात पंप मारले, आठवा पाठीवर घेतला आणि दिसत नाही म्हणून खाली बसला. मग उलट्या, तोंडाला फेस. लोकांनी त्याला बाजेवर टाकून स्टँडवर आणलं. ॲम्ब्युलन्स आधीच दुसऱ्या गावचा असाच माणूस घेऊन गेली होती. गावातला डॉक्टर बाहेरगावी होता. उकंडाने बसलेल्या सवाऱ्या उतरवल्या, मधली सीट मोकळी केली आणि म्हणाला, "टाका याले. यवतमाळ गाठतो."

अवधूतची बायको इंदू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी हलणार तोच अवधूतची म्हातारी आई, धुरपताबाई, गोधडी घेऊन धावत आली. "थंडी वाजून राह्यली माह्या लेकाले. नीट गुंडाळ वो त्याले, वारा नको लागू देऊ." इंदूने त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं. शर्ट, पँट सगळं दवाईने ओलं होतं, तसंच आत राहिलं.

महागाव मागे पडलं. आर्णीही गेली. उकंडाने गाडी अशी कधीच हाणली नव्हती. आरशात त्याला अवधूतचे पाय झटके देताना दिसायचे आणि त्याचा पाय आपोआप आणखी दाबला जायचा. दुपारचं ऊन माथ्यावर होतं. आर्णीच्या पुढच्या चढणीला हीटचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. उकंडाने तो पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहून न पाहिल्यासारखं केलं. चढण संपता संपता बोनटमधून वाफ आली. आता थांबावंच लागलं.

पळसाच्या झाडाखाली गाडी लावून त्याने बोनट उघडलं. रेडिएटरचा खालचा होज पाईप चिरला होता, बहुतेक पाणी रस्त्यावर सांडत आलं होतं. काम अवघड नव्हतं. सीटखाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या, तार होती. पाईप बांधायला दहा मिनिटं. मात्र इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावायची सोय नव्हती. कॅन काठोकाठ भरलेला होता आणि ते सगळंच्या सगळं पाणी लागणार होतं.

त्याने रस्त्यावर उभं राहून हात केला. कापसाचा एक ट्रक न थांबता गेला. एक कार थांबली, आतल्या माणसाने काच खाली करून जीपमध्ये पाहिलं, अवधूतच्या तोंडाचा फेस पाहिला आणि काच वर केली. उकंडाने त्याला अशी शिवी घातली की इथे लिहिता येत नाही. मग तो पाईपकडे वळला.

"उकंडाभाऊ," इंदू गाडीतून म्हणाली, "याचे कपडे पूरे दवाईचे हायेत. आंग पेटून राह्यलं त्याचं. मी गोधडी काढतो, कपडे काढतो. जराकसं पाणी द्या त्या कॅनातलं. धुऊन काढतो याले."

उकंडाने मान वर केली. मनात दुसरा विचार येण्याआधी सव्वीस वर्षांचं वाक्य तोंडून निघालं. "ते इंजिनचं पाणी हाय, इंदुताई. गाडी बसली त याले नेऊ कसा? आंग काय, दवाखान्यात धुतीन. गुंडाळून ठेवा तसाच, थंडी वाजून राह्यली त्याले."

इंदूने गोधडी पुन्हा नीट केली. ज्याच्या हातात गाडी, त्याचं ऐकायचं.

उकंडाने पट्टी ताणून बांधली, तार पिळली. मग झाकणाजवळ उभा राहिला. तापलेलं लोखंड निवताना टक्-टक् वाजतं, तो आवाज तो कान लावून ऐकत होता. तळहात ठेवला, चार आकडे म्हणून झाले की उचलावा लागला. पुन्हा थोड्या वेळाने ठेवला, नऊ. मागून कोणी बोलल्यासारखं ऐकू आलं, पण त्याचं लक्ष आकड्यांत होतं. चौदा. त्याला बाविसाव्या वर्षीचा स्वतःचा हात आठवत होता. या वेळी घाई करायची नाही, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. वीस आकडे पूर्ण झाले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. झाकण फडक्याने धरून सोडलं, इंजिन चालू केलं, पाण्याची धार बारीक ठेवली. एक थेंब सांडला नाही. इंजिन शहाण्यासारखं चाललं. इतकं नीट काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

यवतमाळच्या दवाखान्यात वॉर्डमध्ये आणखी सहा-सात जण तसेच पडले होते. नर्सने गोधडी उघडली आणि वासाने मान मागे घेतली. अवधूतच्या छातीवर, मांड्यांवर कातडी लाल झाली होती. तरुण डॉक्टर चिडून म्हणाला, "हे कपडे तसेच ठेवले अंगावर? आणि वरून ही गोधडी? तीन तास विष शरीरात मुरत होतं. पहिल्यांदा कपडे काढून पाण्याने धुवायचं असतं, कळत नाही का?"

"धुतलं असतं त?" उकंडाने विचारलं.

"वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण विष तरी कमी गेलं असतं."

इंदू तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी अवधूत गेला.

डॉक्टरचं बोलणं गावात पोचायला वेळ लागला नाही. पोचलं तेही अर्धंच. पाण्याचा भाग वाटेत कुठे गळाला कोण जाणे, गोधडी तेवढी राहिली. धुरपताबाईने अंगणात बसून ऊर बडवला, "गोधडीत कोंडून मारलं हिनं माह्या लेकाले!" गोधडी स्वतःच आणून दिली होती, हे म्हातारी विसरली नव्हती. तेच आठवत होतं म्हणून ती इतक्या मोठ्याने ओरडत होती. बाया येत, बसत, इंदूकडे तिरप्या डोळ्यांनी पाहत. इंदू भिंतीला टेकून खाली मान घालून असायची.

उकंडाने आठवडाभर गाडी काढली नाही. आठव्या दिवशी यवतमाळची सवारी मिळाली. परतताना तो त्या पळसाखाली थांबला. का थांबला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. उतरून दोन पावलं बाजूला गेला तर रस्त्याच्या खाली तूर उभी होती, आणि तुरीच्या पलीकडे विहिरीचा कठडा. तो चालत गेला. पावलं मोजली, एकशे दहा भरली. वाकून पाहिलं. पाणी हाताशी होतं, आणि कडेला कोणीतरी दोरी बांधलेली बादलीही ठेवली होती.

अर्धा तास त्याच्यापाशी होता. पाणीही होतं. पण इंजिनाची सोय कॅनमध्ये झाली होती, म्हणून दुसरं पाणी शोधावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कॅन रिकामा असता तर त्याने सगळं रान पालथं घातलं असतं. ही गोष्ट कळल्यावर त्याला जेवण जाईना.

अवधूतच्या तेरवीला अंगणात पंगत बसण्याआधी माणसं गोळा झाली होती. धुरपताबाईने पुन्हा तेच सुरू केलं. बबनरावही बसले होते, मान डोलावत होते. उकंडा दाराजवळ उभा होता. घरून निघताना त्याने काहीच ठरवलं नव्हतं, पण बबनरावांची ती डोलणारी मान पाहिली आणि त्याला राहवेना.

"म्हातारे, थांब," तो म्हणाला. "तिले काहून बोलतं? इंदुताईनं रस्त्यात पाणी मांगतलं होतं. कपडे काढतो म्हने, धुतो म्हने. म्या नाई देलं. पाणी होतं माह्यापाशी, पूरा कॅन होता. म्या म्हटलं, ते इंजिनचं हाय. गोधडी राहू दे म्हून म्याच सांगतलं. बाजूले हीर होती, तेबी नाई पायली. काय बोलाचं ते मले बोला."

धुरपताबाईचा हात छातीवर तसाच राहिला. उकंडाला वाटलं, आता कोणीतरी शिवी देईल, अंगावर धावून येईल. तेवढं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. सगळे त्याच्याकडे नुसते पाहत राहिले.

इंदूने मान वर केली. तेरा दिवसांत पहिल्यांदाच ती चार माणसांत बोलली. आवाजात राग नव्हता. हिशेब चुकू नये म्हणून माणूस बोलतो, तशी बोलली.

"दोनदा मांगतलं होतं, भाऊ."

उकंडाला एकच वेळ आठवत होती.

"दुसऱ्यांदा तुमी तिकडं हात ठेवून आकडे म्हनून राह्यले होते," इंदू म्हणाली. "तवा तो बोलत होता अजून. त्यानंच मांगाले लावलं मले."

तो जेवायला थांबला नाही. थांब असं कोणी म्हणालंही नाही.

उकंडाच्या जीपमध्ये आता दोन कॅन असतात. दुसऱ्यातलं पाणी कोणीही घ्यावं, प्यावं, सांडावं, तो काही म्हणत नाही. बाजारच्या बाया त्यावरही थट्टा करत, पण पुढे पुढे त्यांनी ती सोडून दिली. कारण मागे कोणी काही बोललं आणि त्याला नीट ऐकू आलं नाही, तर उकंडा भर रस्त्यात गाडी बाजूला घेतो, इंजिन बंद करतो, मागे वळतो आणि विचारतो, "काय म्हटलं?"

मागचं माणूस म्हणतं, "काई नाई भाऊ, आमी आपसात बोलत होतो."

तरी तो थोडा वेळ तसाच वळून बसतो. मग चावी फिरवतो.